कंपनीची आरोग्य गाडी वस्तीत येते तेव्हा



पावसाळा सरला की चंद्रपूर, घुग्घूस, राजुरा, गडचांदूर, भद्रावती या पट्ट्यात कंपन्यांच्या आरोग्य गाड्या फिरू लागतात. इथे कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, चंद्रपूरला लागून २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. आणि या सगळ्यांच्या कुंपणाबाहेर आपल्या वस्त्या आहेत. गाडी बहुतेक वेळा विहारासमोरच लागते, कारण तिथे ओटा असतो, सावली असते. बॅनर बांधलं जातं. बीपी बघतात, बोटाला सुई टोचून साखर बघतात, खोकल्याचं औषध, गुडघ्याला लावायचं मलम, लोहाच्या लाल गोळ्या देतात. शेवटी सगळ्यांना बॅनरखाली उभं करून फोटो काढतात. एक-दीड वाजेपर्यंत गाडी पुढच्या गावाला जाते.

या गाडीला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. ज्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर आहे आणि एसटी दिवसातून दोनदा, तिथे बीपीची गोळी दारात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर आम्ही स्वतः काही वर्षं अशाच एका गाडीवर काम केलं. त्या कामाची लाज वाटत नाही. पण त्या गाडीवरचं रजिस्टर अजून डोळ्यांसमोर येतं.

त्यात रकाने होते नाव, वय, लिंग, तक्रार, दिलेलं औषध. माणूस काम काय करतो, घर रस्त्यापासून किती लांब आहे, याला रकाना नव्हता. एका हिवाळ्यात आम्ही पानाच्या कडेला पेन्सिलने लिहायला लागलो. ‘राख भरायला जाते.’ ‘नवरा कोळशाच्या ट्रकवर.’ ‘घर डम्परच्या रस्त्यावर.’ तक्रारीच्या रकान्यात बहुतेकांपुढे एकच, खोकला आणि दम. दोन महिन्यांत पानांच्या कडा भरून गेल्या. मग वरून निरोप आला, सिस्टर, छापलेल्या रकान्यांबाहेर काही लिहू नका. पुढच्या महिन्यात नवं कोरं रजिस्टर आलं. जुनं परत दिसलं नाही.

तेव्हापासून आम्ही वस्तीत गेलो की लोकांना एकच सांगतो. गाडीतून औषध घ्या, पण कागदही घ्या.

हे पैसे कुठून येतात

गाडीच्या दारावर तीन अक्षरं असतात, सीएसआर. मराठीत कंपनीचं सामाजिक उत्तरदायित्व. पुष्कळांना वाटतं, साहेब चांगले आहेत म्हणून गाडी येते. साहेब चांगले असतीलही, पण गाडी कायद्याने येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी किंवा जास्त, किंवा वर्षाची उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. सरकारी कंपन्यांनाही लागू आहे. म्हणजे सरासरी नफा १०० कोटी असेल तर २ कोटी. उरलेले ९८ कोटी कंपनीकडेच राहतात.

आता लक्षात ठेवायची गोष्ट. दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करणं कंपनीला भागच आहे, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःच्या नेहमीच्या धंद्याचं काम धरता येत नाही. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम धरता येत नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही धरता येत नाही. (गावच्या क्रिकेट स्पर्धेचे टी-शर्ट आठवून बघा.)

कोळशाच्या रस्त्यावर पाणी मारणं, राखेचे ट्रक ताडपत्रीने झाकणं, चिमणीतली धूळ पकडणारी यंत्रं चालू ठेवणं, राखेच्या तळ्याचा बांध सांभाळणं, या अटी पर्यावरण मंजुरीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असतात. ते कंपनीचं कर्तव्य आहे, वस्तीवरचा उपकार नाही. बांध सांभाळला नाही तर काय होतं ते नागपूरजवळच्या लोकांनी जुलै २०२२ मध्ये पाहिलं. कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, गावांत शिरलं. अशा वेळी नंतर भरवलेलं तपासणी शिबिर हे बांधाच्या दुरुस्तीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही वेगळ्या वह्यांत मांडायच्या गोष्टी आहेत, आणि आपली फसगत होते ती या दोन वह्या एक केल्याने. ‘आम्ही तुमच्या गावाला एवढं करतो’ असं साहेबांनी म्हटलं की धुळीची तक्रार करणारा माणूस कृतघ्न ठरतो. ग्रामसभेत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एक बाई रस्त्याच्या धुळीबद्दल बोलायला उठली, तर गावातलेच दोघे म्हणाले, बस जी खाली, मागच्याच महिन्यात चष्मे वाटले ना.

चष्म्याने दम जात नाही.

धूळ आत काय करते

आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती पिठासारखी बारीक असते. धुळीचे मोठे कण नाकात, घशात अडकतात, शिंकेने, खाकऱ्याने बाहेर पडतात. पण ज्याला पीएम २.५ म्हणतात, तो कण आपल्या केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. तो फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातो, त्यातला काही रक्तातही उतरतो. म्हणून धुळीने नुसता खोकला होत नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. भारतात पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली ५ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूरला ८३.८८ मिळाले. सत्तरच्या वर म्हणजे अतिगंभीर. या परीक्षेत गुण जितके जास्त तितकं वाईट, आणि आपण देशात चौथे आलो.

राखेत, दगडाच्या भुकटीत, खाणीच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं आत गेली की फुप्फुसावर चट्टे पडतात, फुप्फुस कडक होतं. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयरोग लवकर धरतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. क्रशरवर, खाणीत काम केलेला माणूस खोकत येतो, एक्स-रेवर डाग दिसतात, टीबी म्हणून सहा महिने औषध चालतं, तरी दम कमी होत नाही, परत टीबीचं औषध सुरू होतं. कधी दोन्ही आजार असतात, कधी टीबी नसतोच. काम काय केलं हे कोणी विचारलं नाही तर सिलिकोसिसचं नावच निघत नाही. कामगाराला असा आजार आढळला तर डॉक्टरने तो सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, नुकसानभरपाईचा रस्ताही त्यातूनच जातो. म्हणून तो कामाचा रकाना. ठेकेदाराकडे हजेरीवर राबणाऱ्याला ना ओळखपत्र, ना पगाराची चिठ्ठी. केसपेपरवर ‘दहा वर्षं राख भरण्याचं काम’ एवढी ओळ असणं हा पुष्कळदा त्याचा एकमेव पुरावा असतो.

खरं ते सगळं सांगायला हवं. सगळा खोकला कंपनीचा नसतो. चुलीचा धूर, बिडी, बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती यांनीही फुप्फुस खराब होतं. चुलीपुढे वीस वर्षं बसलेल्या आणि त्यात राखेच्या रस्त्यावर राहणाऱ्या मावशीच्या छातीवर दोन्हीकडून मार असतो. गॅसचं सिलिंडर परवडत नाही म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं असतं, हेही आम्हाला माहीत आहे.

घरच्या घरी थोडं करता येतं. कामावरून आलेल्या माणसाने कपडे घराबाहेर काढावे, घरात झटकू नयेत, धुण्याआधी पाण्यात बुडवून ठेवावे. ते कपडे आपटणाऱ्या बाईच्या नाकात तीच धूळ जाते. सकाळी कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क नीट घट्ट बसला तर अडवतो. तो कामाच्या जागी ठेकेदाराने द्यायचा असतो, आपण विकत आणायचा नसतो.

गाडीत काय मागायचं

तीन आठवड्यांहून जास्त खोकला, चढावर दम, छातीत सूं-सूं आवाज असेल तर खोकल्याची बाटली हा इलाज नाही. त्याला स्पायरोमेट्री लागते. नळीत जोराने फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र सांगतं. सुई नाही, दुखत नाही. गाडीत हे यंत्र बसतं. आपण फुप्फुसाच्या आजारांच्या पट्ट्यात राहतो आणि गाडीत साखर मोजायचं यंत्र असतं, श्वास मोजायचं नसतं, याचं आम्हाला आजवर नवल वाटतं. दमा किंवा श्वासनळ्या आकसल्याचं निघालं तर बहुधा पंप देतात. ‘पंप लागला की सुटत नाही जी’ असं लोक म्हणतात. सुटत नाही तो आजार. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रेत काम होतं. दोन आठवड्यांपुढचा खोकला असेल तर बेडक्याची तपासणीही करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, टीबी निघाला तर औषध फुकट आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात.

दुसरी गोष्ट आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. शिबिरात हिमोग्लोबिन कमी निघालं की सरसकट लोहाच्या गोळ्या हातात पडतात. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त कमी असतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी असल्याची खात्री केल्याशिवाय त्याला महिनोन्महिने लोह देऊ नये. ज्याला वारंवार रक्त चढवलं आहे त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. तेव्हा गोळ्या घेण्याआधी विचारा, सिकलसेलची तपासणी झाली का? पहिली चाचणी साधी असते, ती पॉझिटिव्ह आली की पक्क्या तपासणीसाठी रक्त पुढे पाठवतात, मग वाहक आहे की रुग्ण ते कळतं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, तपासणी त्यात होते. आणि ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे तिथे धूळ दुप्पट वैरी. अशा रुग्णाला ताप, छातीत दुखणं आणि दम एकदम सुरू झाला तर गाडीची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. त्यात जीव जाऊ शकतो.

पाण्याबद्दल थोडंसंच. आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते खडकातून येतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग आणि पुढे हाडांचा त्रास. कंपनीने बसवलेलं आरओ यंत्र चालू आहे तोवर चांगलं, पण बंद पडलं की दुरुस्ती कोण करणार हे बसवण्याच्या दिवशीच लिहून घ्या. पाण्याचा तपासणी अहवाल यंत्राशेजारी लावायला सांगा.

आणि कागद. नाव, तारीख, बीपीचा आकडा, साखरेचा आकडा, दिलेल्या गोळीचं नाव, तुमचं काम, हे लिहिलेला कागद हातात घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. एकदा बीपी वाढलेलं निघालं म्हणजे आजार पक्का झाला असं नसतं, परत दोनदा मोजावं लागतं. मागचा आकडा नसेल तर पुढचा डॉक्टर काय करणार?

विहाराच्या फरशीची गोष्ट

एका गावात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी कंपनीचा माणूस वस्तीत आला. म्हणाला, तुमच्या विहाराला टाइल्स बसवून देतो. रात्री बैठक बसली. तरुण पोरं म्हणाली, नको, आपलं तोंड बंद करायचा डाव आहे. वयस्क म्हणाले, गावातल्या देवळाला सभामंडप दिला तेव्हा कोणाचं तोंड बंद झालं? आपल्यालाच का सोडायचं? दोघांचंही खरं होतं. एक आजी कोपऱ्यातून म्हणाली, “लावू द्या टाइल्स. राख पुसायला बरं पडते.”

सगळे हसले, मग कोणी बोलेना.

आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही सांगितलं, टाइल्स घ्यायच्या असतील तर घ्या, पण त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या. महिन्यातून दोनदा डॉक्टर, गाडीत स्पायरोमेट्री, रजिस्टरमध्ये कामाचा रकाना. खाली वस्तीतल्या बायांच्या सह्या आणि अंगठे, एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला. टाइल्स महिनाभरात बसल्या. यंत्रासाठी सहा महिने पत्रं लिहावी लागली. शेवटी एक दिवस आलं. ज्यांचा श्वास कमी निघाला त्यांना चंद्रपूरच्या शासकीय रुग्णालयात पाठवायचं ठरलं. त्यातले निम्मे गेले नाहीत, कारण जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. ते गाडीभाडं आणि मजुरी कोण देणार हा अर्जाचा चौथा मुद्दा असायला हवा होता. तो आम्ही विसरलो.

आपण दान पारमितेचं नाव घेतो, ती फार मोठी गोष्ट आहे. पण दान हे देणाऱ्याच्या मनावर असतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी खाणमालकांच्या मनावर काही सोडलं नाही. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि तो पैसा कामगारांच्या घरांसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी ठेवला गेला. पुढे धनबाद आणि आसनसोलला खाणकामगारांची मोठी रुग्णालयं उभी राहिली ती या निधीतून. त्यात कोणाला बॅनरखाली उभं राहावं लागलं नाही.

आजच्या कायद्यात तेवढा जोर नाही, हेही सांगायला हवं. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कलम १३५ म्हणतं, पण सरकारने खुलासा केला आहे की ही सक्ती नाही. म्हणजे इथली धूळ आपल्याला आणि पैसे भलत्याच शहरातल्या संस्थेला, असं होऊ शकतं. कुठे गेले ते मात्र पाहता येतं. कंपनीला दरवर्षीच्या अहवालात प्रत्येक प्रकल्पाचं नाव, जिल्हा आणि खर्च छापावा लागतो, मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सीएसआर पोर्टल आहे, त्यावर कंपनीचं नाव टाकलं की आकडे दिसतात. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलीला मोबाइलवर एका संध्याकाळचं हे काम आहे. ज्या कंपनीवर १० कोटी किंवा जास्त सीएसआरची जबाबदारी आहे, तिने १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पाचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती संस्था आपल्या वस्तीत कोणाशी बोलली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. सरकारी कंपनी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज थेट तिच्याकडेच करता येतो, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. खासगी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीपत्राची प्रत मागा, त्यात धुळीच्या अटी क्रमाने लिहिलेल्या असतात. खाणीच्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वेगळा असतो. तो सीएसआर नाही, त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करायची.

दिवाळीनंतर गाड्या परत सुरू होतील. मागचे जेवढे कागद घरात असतील, डब्यात, उशीखाली, फोटोच्या मागे, ते एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनी शाळेची शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर स्वतः लिहा, नाव, वय, काय काम केलं आणि किती वर्षं. गाडीतल्या सिस्टरला ती वही पुढे करा आणि त्यातच लिहायला सांगा. ती लिहील. तिलाही लिहायचं असतं.